बर्फाच्या कडेचं पाणी

घर बघायला गेले तेव्हा माझ्या होणाऱ्या घरमालकांनी नाव, गाव, लग्न झालंय का, यातलं काहीच विचारलं नाही. दार अर्धं उघडून त्यांनी हवेत एकदा नाक फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही डोक्याला काय लावता?"

"खोबरेल."

"वासाचं?"

"साधं."

"मग चालेल. पण खालच्या स्वयंपाकघरात यायचं नाही."

मी भोरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकतीच रुजू झाले होते आणि घरं बघून बघून पायांचे तुकडे पडले होते. वरची खोली उजेडाची होती, खिडकीतून नीरेचं पात्र दिसत होतं. त्या स्वयंपाकघरात असं काय पुरून ठेवलंय, हा प्रश्न मी तूर्त गिळला आणि सामान आणलं. शेजारच्या बाईंनी आठवड्याभरात सगळी माहिती पुरवली. आधीची भाडेकरू एका अत्तराच्या बाटलीवरून गेली. त्याआधीचा एकजण गच्चीवर सिगरेट ओढताना सापडला होता, त्याला सामान भरायलाही वेळ मिळाला नाही म्हणे.

मी त्यांना काका म्हणायला लागले. वय पासष्टीच्या पुढे, अंगानं काटकुळे, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. हात मात्र बघण्यासारखे. नखं इतकी स्वच्छ कापलेली की ऑपरेशनला निघालेत असं वाटावं. भोरात त्यांना 'बोटवाले' म्हणत. नौदलात होते असा गावाचा समज होता आणि तो दुरुस्त करायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. खरं म्हणजे समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ते जन्मभर तंत्रज्ञ होते. तीनदा दक्षिणेच्या बर्फापर्यंत जाऊन आले होते. तिथल्या समुद्राचं पाणी बाटल्यांत भरायचं, सांभाळून आणायचं आणि त्यात विरघळलेला कार्बन मोजायला मदत करायची, हे त्यांचं काम.

"पाण्यात कार्बन म्हणजे सोड्यातला वायू का?" मी एकदा विचारलं. रसायनशास्त्राची बाई असून विचारलं, त्यामुळे त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं.

"तो वेगळा. चहा गाळल्यावर पत्ती कुठे राहते?"

"गाळण्यात."

"पण कपात नुसतं पाणी येतं का? रंग येतो, चव येते. पत्तीतलं काहीतरी पाण्यात उतरलेलं असतं, ते गाळणीला सापडत नाही. समुद्रात जे जगतं, खातं, मरतं, त्या सगळ्याचा असा उतारा पाण्यात राहतो. अगदी पातळ. इतका पातळ की तुमच्या बोटाचं तेल त्याहून जास्त भरेल. पण समुद्र केवढा आहे? सगळा मिळून हवेत जेवढा कार्बन आहे जवळजवळ तेवढा हा उतारा आहे. आणि खोल पाण्यातला तर हजारो वर्षांचा जुना. कुजत नाही, कोणी खात नाही, नुसता फिरत असतो. का खात नाहीत? अजून कोणाला धड सांगता येत नाही."

हे सांगताना ते उभे राहिले होते. या एका विषयावर त्यांना बसून बोलता येत नसे.

मग त्यांच्या बाकीच्या खोडींचा अर्थ लागत गेला. खालच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या होत्या, म्हणून तिथे बाहेरच्या माणसाला आणि वासाला बंदी. पाण्याचा नमुना घेताना बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि चौथ्यांदा भरायची, हा नियम. काका चहाचा कपही तसाच भरत. थोडा चहा ओतायचा, कप फिरवायचा, मोरीत टाकायचा. असं तीनदा. पाहुण्यांच्या कपांचंही तेच. कोणी पहिल्यांदा आलं की आपल्या डोळ्यांदेखत चहा मोरीत जाताना बघून त्याचा चेहरा पडायचा. रस्त्यानं चालताना ते वाऱ्याची दिशा बघून बाजू बदलत. बाटलीचं बूच उघडताना श्वास रोखत. काचेवरचं सगळं जळून जावं म्हणून बाटल्या भट्टीत भाजाव्या लागतात, तर त्यासाठी ते एका बेकरीत गेले आणि भट्टी किती तापते याची चौकशी केली. बेकरीवाला म्हणाला, "काका, त्याच्या वर नेली तर माझी नानकटाई करपंल." काका "काही उपयोग नाही" असं म्हणून निघून आले, आणि बेकरीवाला आपल्या भट्टीत काय खोट आहे म्हणून महिनाभर मला विचारत होता.

त्यांचा लाडका शब्द होता 'कोरं'. प्रयोगशाळेत नमुना मोजायच्या आधी शुद्ध पाणी मोजतात, म्हणजे यंत्राचा आणि बाटलीचा दोष कळतो. ते कोरं. ही कसोटी काका सगळ्या जगाला लावत. मी तणतणत घरी आले की यंदाची पोरं अगदीच ढ आहेत, तर ते विचारत, "कोरं मोजलं होतं का? आधीची कशी होती?" शेजारच्या बाई सांगायला लागल्या की अमक्याची सून आल्यापासून घर बिघडलं, तर यांचा तोच प्रश्न. बाईंनी शेवटी त्यांना काही सांगायचंच सोडून दिलं.

दर रविवारी ते आपल्या गावी जात. गाव वेल्ह्याकडे, डोंगराच्या पोटात. भोरहून निघायचं, कापूरहोळला उतरायचं, मिळेल त्या गाडीनं नसरापूर गाठायचं आणि तिथून वेल्ह्याची एसटी पकडायची. मी चौकसपणाच्या खाजेनं एकदा बरोबर गेले आणि मग जातच राहिले. गावात त्यांची वहिनी असायची, थोरल्या भावाची बायको. भाऊ वारला होता. वहिनी भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि सगळ्या आळीच्या उचापती एकटीनं सांभाळत होती. काका रानातल्या झऱ्याचं पाणी घेत, मग खाली ओढा जिथे मोठा होतो तिथलं, आणि पान कुजून पाण्यात काय उतरतं याची नोंद ठेवत. मोजायला यंत्र नव्हतं. रंग बघायचा, वास घ्यायचा, तारीख घालायची.

"भावजी, तेच पानी, तोच वढा," वहिनी म्हणायची. "दर आयतवारी त्यात काय बगायचं असतंय?"

"तेच आहे का ते बघतो."

गावातल्या बायकांना वाटे, हे सरकारातून पाणी तपासायला येतात. त्या वाटेवर अडवून सांगत, "आमच्या नळाला गडूळ येतंय, तेवडं लिवून घ्या." काका लिहून घेत, तारीख-वार घालून, आणि कागद ग्रामपंचायतीत नेऊन देत. दोन नळ त्यामुळे दुरुस्तही झाले, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का झाला.

पावसाळा संपता संपता एकदा मला त्यांच्या कपाटातल्या तीन कुप्या दिसल्या. काका कपाटातले लोकरीचे कपडे उन्हाला टाकत होते. स्वेटरच्या घडीतून त्यांनी बोटाएवढ्या तीन काचेच्या कुप्या काढल्या आणि दुसऱ्या घडीत ठेवायला लागले. तोंडं आगीवर वितळवून बंद केलेली, आत स्वच्छ पाणी.

"हे कुठलं?"

"दक्षिणेचं. दोन बर्फाच्या कडेच्या, खोलातल्या. एक कोरं."

"मोजलंय?"

"नाही."

जो माणूस अमक्याच्या सुनेचंही कोरं मागतो, त्याच्या कपाटात दक्षिण ध्रुवाकडचं पाणी न मोजता पडून आहे, हे माझ्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे, त्यांच्याकडे यंत्र आहे, नेऊ का. काकांनी कपाट बंद केलं. किल्ली खिशात टाकली. त्या दिवशी ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत, आणि मला वाटलं आता माझंही सामान बाहेर जाणार.

उलगडा झाला खंडेनवमीला. त्या दिवशी आम्ही गावी होतो. वहिनीनं नांगर, विळे, कोयते, कुऱ्हाड असं सगळं धुऊन ओसरीवर मांडलं होतं. शेजारी सणापुरत्या घरी आलेल्या तिच्या मुलाची, म्हणजे काकांच्या पुतण्याची मोटारसायकल, झेंडूची माळ घातलेली. पुतण्यानं हळूच मोबाईलही ठेवला होता, त्यालाही कुंकवाचं बोट लागलं. वहिनीनं तबकात कापूर ठेवला आणि काडी ओढली. तेवढ्यात काका उठले आणि अंगणातून थेट बांधावर जाऊन पाठमोरे उभे राहिले.

"दरसाली असंच," वहिनी म्हणाली. "कापूर लावला की पळत्यात. इचारलं की सांगत न्हाईत. तुमी तरी इचारा."

मी बांधावर गेले. काका वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे होते, आणि बहुधा मी विचारावं याचीच वाट बघत होते, कारण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

वीसेक वर्षांपूर्वी, शेवटच्या मोहिमेत त्यांच्याबरोबर एक मॅडम होत्या, तरुण, हुशार. नोकरी कराराची, दर वर्षी वाढवून मिळणारी. बर्फाच्या कडेला पाणी थंड होऊन, जड होऊन खाली बसतं. ते जाताना हा विरघळलेला कार्बन किती घेऊन जातं, हा मॅडमचा प्रश्न. नमुने भारतात आले, मोजायला घेतले, आणि यंत्र आजारी पडायला लागलं. मधेच थांबायचं, मधेच आकडे सोडून द्यायचं. त्यात नवरात्र आलं. मॅडम दसऱ्याला घरी गेल्या. जाताना सांगून गेल्या, नमुने नळ्यांत भरून ठेवा, आल्यावर लावू.

"मी भरले," काका म्हणाले. "वर फॉइल घातलं. आणि मग मी यंत्राची पूजा केली. माळ घातली, नारळ ठेवला, उदबत्ती लावली, कापूर लावला. आईनं शिकवलं होतं, खंडेनवमीला हत्याराला हात जोडले नाहीत तर हत्यार रुसतं. यंत्र रुसलेलंच होतं. मला वाटलं, आपलं चुकलंच असणार. मी, जो जहाजावर कोणाला क्रीम लावू देत नव्हतो, मी त्या बंद खोलीत कापूर जाळला. लावून झाल्यावर भानावर आलो."

यंत्र पूजेनंतर सुरळीत चाललं. आकडे आले ते अपेक्षेच्या दीडपट. खोल पाण्यात एवढा कार्बन तिथे कोणी पाहिला नव्हता. मॅडम हरखून गेल्या. काका गप्प राहिले, दोन महिने. मग संस्थेत बैठक झाली, मॅडमनी आलेख दाखवले, आणि एका मोठ्या साहेबांनी विचारलं की नमुन्यांत बाहेरची घाण मिसळली नसेल कशावरून. मॅडम म्हणाल्या, "ती शक्यताच नाही. यांच्या हातून नमुना बिघडत नाही." आणि काकांकडे बोट दाखवलं.

"मला ते सोसलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं, खोलीत कापूर लावला होता."

"मग?"

"मग हसले सगळे. रागावले असते तर बरं झालं असतं. नंतर व्हरांड्यात त्या आकड्यांना कापराचे आकडे म्हणायला लागले. पुन्हा मोजायला पाणी नव्हतं. बाटल्यांच्या तळाला जे उरलं होतं तेही त्याच खोलीत उघडं होतं. मॅडमचा करार पुढच्या वर्षी वाढला नाही. जाईपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत."

"पण कुप्या होत्या ना तुमच्याकडे?"

काकांनी खाचराकडे तोंड करून सांगितलं. जहाजावरच, त्याच दिवशी, त्याच पाण्याच्या दोन जादा कुप्या आणि कोऱ्याची एक त्यांनी बंद केली होती. काच वितळवून तोंड बंद करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि आठवण म्हणून त्या तिन्ही त्यांनी गुपचूप घरी आणल्या. संस्थेचं पाणी. म्हणजे चोरीच.

"एक गुन्हा कबूल केला होता. त्याच दमात दुसरा कबूल करायचा धीर झाला नाही. मग आज सांगू, उद्या सांगू, आणि त्या गेल्या. आता फोडून बघायचं म्हणाल, तर आकडा कमी आला म्हणजे मी पाणी बिघडवलं होतं. जास्त आला म्हणजे पाणी ठीक होतं, मी त्या बाईचं आयुष्य बिघडवलं. यातलं कुठलं ऐकायला जाऊ?"

वहिनी प्रसादाची वाटी घेऊन कधी मागे येऊन उभी राहिली होती ते आम्हाला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं आणि समजायचं तेवढं तिला बरोबर समजलं होतं.

"ती बाई जित्ती हाय का?" तिनं विचारलं.

"आहे. असावी."

"मग तुमाला काय वाटंल ते कशाला बगत बसलाय? पानी तिचं. तिला कळाय नगं? फोडा की ती कुपी."

काकांनी वाटीतलं खोबरं घेतलं आणि ते खाऊन होईपर्यंत आम्ही तिघंही तिथेच उभे होतो.

आठवड्यानं त्यांनी कुप्या माझ्या हातात दिल्या, आपल्या माकडटोपीत गुंडाळून. स्वतः यायला तयार नव्हते. सूचनांचा कागद मात्र दोन्ही बाजूंनी भरलेला. मोजणाऱ्यानं सकाळी साबण कुठला लावावा इथपर्यंत. मी पुण्यापर्यंत एसटीत ती टोपी मांडीवर धरून बसले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं कापूरहोळला उतरताना विचारलं, "मांजराचं पिल्लू हाय का?" मी हो म्हटलं.

माझी मैत्रीण कागद वाचून आधी हसली आणि मग तो पुन्हा पहिल्यापासून वाचला. म्हणाली, असं काम शिकवणारा माणूस आम्हाला मिळाला असता तर बरं झालं असतं. चार दिवसांनी तिचा आकडा आला. कोरं स्वच्छ होतं, जसं असायला हवं तसं. बाकीच्या दोन्ही कुप्यांमध्ये दीडपट. मॅडमनी तेव्हा जो आकडा दाखवला होता, जवळजवळ तोच.

मी खाली गेले आणि सांगून टाकलं. गोल गोल सांगण्यात अर्थ नव्हता. काका म्हणाले, "म्हणजे कापरानं काही झालंच नव्हतं." मग म्हणाले, "मी उगाच उभा राहिलो." मी म्हटलं, उगाच कसं, तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं, खरं तेच सांगितलंत. ते म्हणाले, "उभा राहिलो ते बरोबर होतं. बसल्यावर कुप्यांबद्दल गप्प राहिलो, ते चुकलं."

दोन दिवस त्यांच्या खोलीचं दार बंद होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. संस्थेतल्या जुन्या स्टोअरकीपरकडून त्यांनी मॅडमचा नंबर मिळवला होता. त्या सांगलीला शाळेच्या मुलांचे विज्ञानाचे क्लास घेत होत्या. काकांनी दोन पानी माफी लिहून काढली होती. मला म्हणाले, "बसा. मी पळालो तर धरा."

एक कान अधू असल्यामुळे फोन स्पीकरवर होता. मॅडमनी आवाज लगेच ओळखला. "बोला," एवढंच म्हणाल्या. आणि काकांनी माफीचे कागद बाजूला ठेवून सरळ आकडे वाचले. कुठलं पाणी, किती खोल, कुपी कधी बंद केली, कोरं किती, नमुना किती. बैठकीत वाचावेत तसे.

आकडे संपले तसं मॅडमनी विचारलं,

"कुप्या कुठे होत्या?"

"माझ्या कपाटात."

"मी संस्थेत होते तेव्हाही?"

"हो मॅडम."

फोन बंद झाला. खरं सांगते, त्या क्षणी मला काकांची दया आली नाही, रागच आला. बाईच्या आयुष्यातली वीसेक वर्षं या माणसाच्या स्वेटरमध्ये पडून होती आणि तो रविवारी रविवारी ओढ्याचा वास घेत फिरत होता. मी तसं बोलूनही दाखवलं. काका म्हणाले, "बरोबर आहे." ते फोनकडे बघत तसेच बसून राहिले. मी उठून जायला हवं होतं, पण गेले नाही.

वीस मिनिटांनी फोन वाजला. नमस्कार नाही, काही नाही.

"त्या दिवशी बर्फाची कड किती लांब होती?"

काकांनी डोळे मिटले. "दीड मैल. वारा नैर्ऋत्येचा. डेकवर दोर गोठला होता, म्हणून पाणी काढायला उशीर झाला."

"आणि आदल्या ठिकाणी?"

"तिथे कड दिसत नव्हती. आकाश मोकळं होतं."

"मोकळं नव्हतं. हिम पडत होतं. माझी टोपी उडाली होती."

"हो. हो, बरोबर. माझी दिली होती तुम्हाला."

मग ते दोघं तासभर बोलत होते. खारटपणा, खोली, कुठलं पाणी कुठून आलं असेल, तेव्हा कोणाच्या लक्षात न आलेलं काय काय. मधे दोनदा मॅडमचा आवाज चिरकला आणि दोन्ही वेळा त्यांनी लगेच पुढचा प्रश्न विचारला. मला निम्मं कळलं नाही, पण हलताही आलं नाही. एवढ्या वेळात मी तिथे आहे हे काका विसरून गेले होते.

शेवटी त्यांनी ते दोन कागद उचलले. "मॅडम, मला तुमची माफी—"

"ते ठेवा," मॅडम म्हणाल्या. "माफ करेन की नाही मला माहीत नाही. आज तरी नाही. मी रविवारी येते. त्या मोहिमेच्या वह्या असतील तर काढून ठेवा."

फोन ठेवला तेव्हा काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

मी म्हटलं, "काका, माफ नाही केलं त्यांनी."

"नाही केलं," ते म्हणाले, आणि वह्या कुठे ठेवल्यात ते आठवत खुर्चीवर चढून माळा बघायला लागले.